विनोबा भावे यांचा कारावास

आचार्य विनोबा भावे (११ सप्टेंबर, १८९५ – १५ नोव्हेंबर, १९८२) यांनी स्वातंत्र्यलढ्यात अनेकदा कारावास भोगला. सुटकेनंतरच्या कामाची त्यांची बरीच तयारी तुरुंगातच झाली, त्यामुळे हा काळ त्यांच्या चरित्रात महत्त्वाचा ठरतो.

रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे जन्मलेले विनोबा १९१६ मध्ये महात्मा गांधींच्या आश्रमात दाखल झाले आणि १९२१ मध्ये वर्ध्यास आले. १९२३ मध्ये नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांना अटक झाली. त्या वेळी त्यांनी नागपूर व अकोला येथील तुरुंगांत शिक्षा भोगली.

१९३२ मध्ये ते धुळे येथील तुरुंगात होते. तेथे २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी त्यांनी भगवद्गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. सहबंदी साने गुरुजी यांनी ती लिहून घेतली. हीच पुढे ‘गीता प्रवचने’ या नावाने प्रसिद्ध झाली. श्रोते शास्त्री-पंडित नव्हते, सामान्य सत्याग्रही होते. ग्रंथाच्या सोप्या भाषेचे श्रेय काही अंशी त्यांनाही द्यावे लागेल.

गांधीजींनी त्यांना वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून निवडले आणि १७ ऑक्टोबर, १९४० रोजी त्यांनी हा सत्याग्रह सुरू केला. त्यानंतर ते नागपूरच्या तुरुंगात होते. सहबंद्यांशी झालेल्या चर्चेतून तेथे ‘स्वराज्यशास्त्र’ आकारास आले. स्वराज्य अद्याप दूर असताना त्याच्या राज्यपद्धतीचा विचार या पुस्तकात केलेला आहे.

‘भारत छोडो’ आंदोलनातील कारावास सर्वांत दीर्घ होता. ऑगस्ट १९४२ मध्ये अटक झालेले विनोबा १९४५ च्या जुलैमध्ये सुटले. या काळात वेल्लूरच्या तुरुंगात त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड व मल्याळम या चार भाषांचा एकाच वेळी अभ्यास केला. निरनिराळ्या लिप्यांमुळे शेजारच्या भाषाही परक्या वाटतात, हे जाणवल्याने त्यांनी नागरीच्या सुधारणेचा विचार केला व ‘लोकनागरी’ लिपी सुचवली. नंतर सिवनीच्या तुरुंगात गीतेतील स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर त्यांनी दिलेली व्याख्याने ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ या ग्रंथात आहेत.

या भाषाभ्यासाचा उपयोग सहा वर्षांनी झाला. १८ एप्रिल, १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी भूमिहीनांसाठी १०० एकर जमीन देऊ केली आणि भूदान चळवळ सुरू झाली. पुढे तमिळनाडू, केरळ व कर्नाटकातही विनोबांची पदयात्रा झाली. सप्टेंबर १९५७ मध्ये म्हैसूरजवळील येलवाल येथे सर्व प्रमुख पक्षांच्या नेत्यांनी ग्रामदानाला पाठिंबा दिला. अर्थात, तुरुंगात शिकलेली भाषा आणि गावकऱ्यांची बोली यांत अंतर होतेच.

मे १९६० मध्ये विनोबा चंबळच्या खोऱ्यात गेले. डाकू मानसिंगचा मुलगा तहसीलदारसिंग याने फाशीच्या शिक्षेत असताना तुरुंगातून त्यांना पत्र पाठवले होते. विनोबांसमोर काही डाकूंनी शस्त्रे ठेवली. शिक्षेतून सूट मिळेल असे आश्वासन त्यांना दिलेले नव्हते. त्यांच्यावर खटले चालले.