रमाबाईंच्या वाट्याचा संसार

तेरेखोल खाडीच्या काठावरील आरोंद्यापासून थेट उत्तरेला दापोली-मंडणगडपर्यंत कोकणातील कित्येक पिढ्या मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरवर जगल्या. घरधनी गिरणीत किंवा गोदीत, आणि गावातील घर, म्हातारी माणसे व मुले सांभाळणारी घरधनीण वाटेकडे डोळे लावून बसलेली, हे चित्र त्या किनाऱ्याला नवीन नव्हते. दापोली तालुक्यातील वणंद गावच्या एका मुलीच्या नशिबी मात्र ही वाट पाहणे वेगळ्या तऱ्हेने आले. ती मुंबईतच राहिली आणि तिचा पती मुंबईहूनही दूर, न्यूयॉर्क आणि लंडनला गेला. तो पैसे मिळवायला गेला नव्हता, शिकायला गेला होता. रमाबाई भीमराव आंबेडकर यांच्या आयुष्याची कथा या एका फरकातून सुरू होते.

रमाबाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी झाल्याचे मानले जाते. वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरातून माशांच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात पोहोचवण्याचे काम करीत. आईचे नाव रुक्मिणी. ही मुलगी घरात रामी या नावाने ओळखली जाई. आई लवकर गेली, पाठोपाठ वडीलही गेले, आणि पोरक्या झालेल्या भावंडांना नातेवाईकांनी मुंबईत भायखळ्याला आणले. सुभेदार रामजी सकपाळ यांनी आपल्या धाकट्या मुलासाठी, भीमरावासाठी, पाहिलेली मुलगी ती हीच. सुभेदार मूळचे मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे आणि सैन्यातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीत राहिलेले, त्यामुळे हा संबंध एका अर्थाने कोकणातल्या कोकणात जुळला.

लग्न १९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात लागले, आणि तेही रात्री. मासळीचा लिलाव आटोपून दुकाने बंद झाल्यावर ती उघडी जागा मोकळी होत असे. एका कोपऱ्यात वराकडची मंडळी, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडची, बसायला दगडी ओटे आणि ओट्यांखालून वाहणारे गटाराचे पाणी. पहाटे कोळणी यायच्या आत सगळा समारंभ आटोपून मंडळींना जागा रिकामी करावी लागली. नवरी आठ-नऊ वर्षांची, नवरा पंधरा वर्षांच्या आतबाहेरचा. माशांची टोपली वाहणाऱ्या बापाच्या मुलीचे लग्न मासळीबाजारात लागावे, यात त्या काळी कोणाला काही विशेष वाटले नसेल. मंगल कार्यालय परवडणारे नव्हते, आणि परवडले असते तरी अस्पृश्यांना ते मिळण्याची शक्यता फार थोडी होती.

रमाबाई ज्या घरात आल्या त्या घराचा एक दंडक होता. तेथे पुस्तकाला दागिन्यापेक्षा मान होता. मुलाला हवे असलेले पुस्तक घेण्यासाठी सुभेदार आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणत आणि गहाण ठेवत. घराचा कारभार सुभेदारांची बहीण मीराबाई पाहत असत. त्या पाठीने अपंग होत्या, पण त्यांचा घरावर वचक होता. परळच्या बीआयटी चाळीतील दोन खोल्यांत हे कुटुंब राहायला आले. १२ डिसेंबर १९१२ रोजी रमाबाईंना पहिला मुलगा, यशवंत, झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, रामजी सकपाळ गेले. त्याच वर्षीच्या जुलैत बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. रमाबाईंचे वय तेव्हा पंधरा वर्षांचे होते.

येथून पुढची दहा वर्षे त्यांच्या आयुष्याचा गाभा आहेत. जुलै १९१३ ते ऑगस्ट १९१७ आणि जुलै १९२० ते एप्रिल १९२३, असा हिशेब केला तर या दहापैकी जवळजवळ सात वर्षे पती परदेशात होता. शिष्यवृत्तीच्या तुटपुंज्या रकमेतून भीमराव न्यूयॉर्कमध्ये स्वतःचे पोट मारून घरी पैसे पाठवत, पण ते पुरत नसत. पहिल्या परदेशवारीहून परतल्यावरही हात मोकळा झाला नाही. बडोद्यातील नोकरी राहायला जागा न मिळाल्याने आणि कचेरीतील अपमानामुळे काही आठवड्यांतच सोडावी लागली. १९१८ च्या अखेरीस सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली तेव्हा पगार चांगला होता, साडेचारशे रुपये. पण त्यातला ठरावीक भाग घरखर्चाला आणि उरलेला लंडनच्या अपुऱ्या शिक्षणासाठी शिल्लक, असा नियम ठरला. प्राध्यापकाची पत्नी झालेल्या रमाबाईंची चाळ सुटली नाही.

या काळात भीमराव लंडनला जो प्रबंध लिहीत होते त्याचा विषय रुपया हा होता. रुपयाचे मूल्य, त्याचा सोन्या-चांदीशी संबंध, सरकारचे चलनधोरण. तो प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना आजही पाहावा लागतो. त्याच वर्षांत परळच्या चाळीत एक बाई रुपयाचे आणे आणि आण्याचे पैसे किती दिवस पुरवता येतील हा दुसरा हिशेब करीत होती. तो कोठे लिहिला गेला नाही. शेण्या थापून आणि वेचलेल्या लाकूडफाट्यावर त्यांनी दिवस काढले, लोकांची दया नको म्हणून ही कामे आडवेळेला केली, अशा आठवणी आंबेडकरी समाजात घरोघरी सांगितल्या जातात. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, दारिद्र्याबद्दल मात्र दुमत नाही.

घरात माणसेही थोडी नव्हती. थोरले दीर आनंदराव यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा मुकुंद याच कुटुंबात होते. जावा-जावांचे हे घर दोघींनी मिळून रेटले. रमाबाईंना पतीने थोडीफार अक्षरओळख करून दिली होती. बाकीचे शहाणपण त्यांनी त्या दोन खोल्यांतच मिळवले.

सगळ्यांत मोठा घाव मुलांचा होता. यशवंतानंतर रमाबाईंना चार मुले झाली. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. चारही बाळपणीच गेली. गिरणगावातील चाळींमध्ये त्या काळी अर्भकमृत्यू ही घरोघरची गोष्ट होती हे खरे, पण घरोघरची म्हणून ती आईला हलकी होत नाही. शेवटचा राजरत्न वडिलांचा फार लाडका होता. जुलै १९२६ मध्ये तो गेला, तेव्हा भीमराव बॅरिस्टर होते, परदेशी पदव्यांचे धनी होते, अस्पृश्यांचे पुढारी म्हणून नावारूपाला येत होते. एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या मृत्यूने आयुष्याची चवच गेल्याचे कळवले, आणि पत्नीच्या मनावरील आघाताचाही उल्लेख केला. एरवी खासगी दुःखाबद्दल अबोल असणाऱ्या या माणसाचे ते पत्र वाचताना आजही गलबलून येते. पण पत्र लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी न्यायालय होते, सभा होत्या, पुढच्याच वर्षी महाडचे चवदार तळे होते. रमाबाईंना तेच घर होते. त्यांची प्रकृती यानंतर कधी पुरती सुधारली नाही.

महाडनंतर बाबासाहेबांचे घर हे केवळ घर राहिले नाही. माणसांचा राबता वाढला. १९२८ मध्ये मुंबईत अस्पृश्य समाजातील स्त्रियांची एक संघटना उभी राहिली तिचे अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. व्यासपीठ हा मात्र त्यांचा पिंड नव्हता. त्या देवभोळ्या होत्या, उपासतापास करणाऱ्या होत्या. पतीच्या जिवाला धोका आहे हे त्यांना कळत होते, आणि त्यावर त्यांच्यापाशी असलेला उपाय व्रताचा होता.

याच श्रद्धेतून त्यांनी पंढरपूरला जाण्याची इच्छा पतीजवळ व्यक्त केली. महार समाजातील वारकऱ्यांना त्या काळी विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता. चोखोबाच्या समाधीपाशी उभे राहून कळसाला हात जोडायचे आणि परतायचे. जो देव आपल्या भक्ताला उंबऱ्याबाहेर ठेवतो त्याच्या दारी जायचे नाही, आपणच आपल्या लोकांच्या सेवेतून दुसरे पंढरपूर उभे करू, अशा आशयाची समजूत घालून बाबासाहेबांनी नकार दिला. या नकाराची पुढे फार वाहवा झाली आणि ती रास्तही आहे. पण एका आजारी बाईची साधी हौस राहून गेली, हेही नोंदवायला हवे. विठ्ठलाचे देऊळ अस्पृश्यांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. रमाबाईंना जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती.

१९३० नंतरच्या गोलमेज परिषदांनी पतीला पुन्हा लंडनला नेले, आणि पत्नीच्या वाट्याला पुन्हा वाट पाहणे आले. या वेळी पैशाची चणचण पूर्वीइतकी नव्हती, पण काळजी वाढली होती. १९३२ च्या सप्टेंबरात गांधीजींच्या येरवड्यातील उपोषणाच्या दिवसांत साऱ्या देशाचा रोष ज्या एका माणसावर होता, तो या घरचा कर्ता होता. त्याच सुमारास दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले. वर हजारो ग्रंथांचे दालन आणि खाली कुटुंबाची जागा, अशी त्या वास्तूची रचना होती. चाळीतील दोन खोल्यांत उमेदीची वर्षे घालवलेल्या रमाबाईंना हे प्रशस्त घर जेमतेम काही वर्षे लाभले, आणि तीही अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत. डॉक्टर झाले, औषधे झाली, हवापालटासाठी धारवाड झाले. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले. वय सदतीस.

अंत्ययात्रेला हजारो लोक होते. बाबासाहेबांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतले. डोक्याचे मुंडण केले, आणि काही दिवस भगवी वस्त्रे धारण केली. धर्मशास्त्राची चिरफाड करणारा, मनुस्मृतीच्या दहनाला उभा राहिलेला माणूस पत्नीच्या वियोगात वैराग्याच्या त्या जुन्या खुणांकडे वळला, याचा उलगडा तर्काने करू नये. बायकोची श्रद्धा ज्या भाषेत होती त्या भाषेत त्यांनी शोक केला, एवढेच म्हणता येईल. मुलगा यशवंत तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याने आईचे उत्तरकार्य परंपरेप्रमाणे केले, आणि ते महार समाजातीलच पुरोहिताकरवी. पाच महिन्यांनी, ऑक्टोबर १९३५ मध्ये, येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. रमाबाई असत्या तर त्यांना ती कशी मानवली असती, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

बाबासाहेबांनी पत्नीबद्दल फार लिहिले नाही. जे लिहिले ते एका अनपेक्षित ठिकाणी आहे. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये आला. फाळणीसारख्या विषयावरील, आकडे आणि युक्तिवाद यांनी खच्चून भरलेला हा ग्रंथ त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला. लोकांना ठाऊक असलेले रमाबाई हे नाव तेथे नाही. तेथे हाक मारायचे नाव आहे. तिच्या मनाच्या चांगुलपणाबद्दल, निर्मळ चारित्र्याबद्दल आणि मित्र नव्हते त्या विवंचनेच्या दिवसांत आपल्याबरोबर सोसण्याच्या तिच्या तयारीबद्दल त्यांनी तेथे कृतज्ञता व्यक्त केली आहे. तिला कधी पुरते सांगता आले नाही ते जणू त्या छापील पानावर उतरले. ग्रंथाची चर्चा करणारे बहुतेक जण हे पान उलटून पुढे जातात.

घराबाहेर रमाबाईंचे स्मरण वेगळ्या मार्गाने वाढत गेले. समाजाने त्यांना रमाई केले. भीमगीतांत त्या आल्या, जलशांत आल्या, वस्त्यांना त्यांचे नाव लागले. घाटकोपरच्या त्यांच्या नावाच्या वस्तीत ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला, तेव्हा ते नाव साऱ्या देशाने ऐकले. राज्य शासनाच्या अनुसूचित जातींसाठीच्या घरकुल योजनेलाही रमाई आवास हे नाव आहे. पुण्यात २०१८ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. ७ फेब्रुवारीला वणंदला माणसे जमतात.

पाच मुलांतून उरलेले यशवंतराव, म्हणजे भय्यासाहेब, बाबासाहेबांच्या पश्चात भारतीय बौद्ध महासभेचे काम पाहत राहिले. दादरच्या चैत्यभूमीचे स्मारक त्यांनी उभे करवले. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या मुलीला त्यांनी आईचे नाव ठेवले होते.