कवळाण्याच्या मुलाने केलेला कायदा

सुरत-भुसावळ मार्गावर नवापूरचे स्थानक आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत असल्याने विद्यार्थ्यांना त्याची मोठी गंमत वाटते. ही हद्द आजची. तिच्याआधी येथे दुसरी एक हद्द होती आणि ती अधिक परिणामकारक होती. अलीकडे इंग्रजांचा खानदेश जिल्हा, पलीकडे सोनगडपासून गायकवाडांचे बडोदे संस्थान. दोन्हीकडे डोंगर तेच, तापीचे खोरे तेच, आदिवासी जमातींचे नातेसंबंधही दोन्हीकडे पसरलेले. १९०६ साली इंग्रज सरकारने राज्यकारभाराच्या सोयीसाठी खानदेशाचे दोन भाग केले. पूर्व खानदेशाचे ठाणे जळगावास आणि पश्चिम खानदेशाचे धुळ्यास राहिले. त्याच वर्षी बडोदे दरबाराने आपल्या संस्थानासाठी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. लोकांना शिक्षणाची आवडच नाही, असे त्या काळी सरकारी अहवालांतून वारंवार लिहिले जाई. हद्दीच्या दोन बाजूंना लोक वेगळे नव्हते. वेगळे होते ते सरकारचे धोरण. आणि पलीकडचे धोरण ज्याने ठरविले, तो मूळचा अलीकडचाच मुलगा होता.

सयाजीराव गायकवाडांचा जन्म १८६३ च्या मार्च महिन्यात मालेगाव तालुक्यातील कवळाणे या गावी झाला. नाव गोपाळराव. कवळाणे आज नाशिक जिल्ह्यात मोडते. परंतु नाशिकचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६९ मध्ये. त्यापूर्वी मालेगाव खानदेशातच होते. म्हणजे गोपाळरावांचा जन्म खानदेशातला, असे म्हणायला हरकत नाही. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतले. घरी शेती होती, राजवैभव नव्हते. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केले आणि खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची मुभा दिली. घराण्यातील मुलांचा शोध कवळाण्यापर्यंत आला आणि मे महिन्यात बारा वर्षांचा गोपाळ सयाजीराव होऊन बडोद्याच्या गादीवर बसला. त्या दिवशी त्याला लिहिता-वाचता येत नव्हते.

या गोष्टीचे आपल्याकडे कौतुक पुष्कळ होते, पण तिचा अर्थ फारसा लक्षात घेतला जात नाही. या मुलाची बुद्धी बाराव्या वर्षी एकाएकी जागी झाली नाही. ती कवळाण्यातही त्याच्यापाशी होतीच. एका गादीला वारस हवा होता म्हणून सरकारने इलियट यांच्यासारखा इंग्रज शिक्षक नेमला. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषांचे पाठ सुरू झाले आणि दिवाण टी. माधवराव यांनी राज्यशास्त्राची व्याख्याने दिली. सहा-साडेसहा वर्षांत, १८८१ च्या डिसेंबरात, हा तरुण पूर्ण अधिकाराने राज्य चालवू लागला. मुलावर खर्च करण्याचे ठरविले म्हणजे काय घडते, याचा पुरावा तो स्वतः होता. गावात मागे राहिलेल्या त्याच्या सवंगड्यांसाठी मात्र असा कोणताही शोध निघाला नव्हता.

त्या काळच्या इंग्रजी मुलखात शिक्षणाचा पैसा कोठून येई आणि कोठे जाई, हे पाहिल्याशिवाय सयाजीरावांच्या धोरणाचे वेगळेपण कळणार नाही. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखलेला असे. पैसा शेतकऱ्याचा, पण सरकारची भिस्त वरच्या वर्गांतून विद्या खाली झिरपण्यावर. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात नेमके याच विसंगतीवर बोट ठेवले आणि प्राथमिक शिक्षण काही वयापर्यंत सक्तीचे करण्याची मागणी केली. सरकारने ती मनावर घेतली नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर कर देणारा एक आणि लाभ घेणारा दुसरा, अशी ती व्यवस्था होती.

सयाजीरावांनी उलट टोकाकडून सुरुवात केली. परंतु त्यांनी घाई केली नाही, आणि प्रस्तुत लेखकास त्यांचा हाच गुण सर्वांत मोलाचा वाटतो. १८९३ साली राजधानीपासून दूर, काठेवाडातील अमरेली हे शहर व आसपासची काही गावे एवढ्यापुरतीच सक्ती लागू केली गेली. मागाहून तो सारा तालुका त्यात आला. शाळा किती लागतील, शिक्षक मिळतील काय, पालक दंड भरतील की मुले पाठवतील, याचा अनुभव तेरा वर्षे घेतला गेला आणि मगच १९०६ चा कायदा झाला. कायद्यात मुलींचाही समावेश होता, जरी त्यांची वयोमर्यादा मुलांपेक्षा कमी ठेवलेली होती. मुलास न पाठविणाऱ्या पालकास दंड होता, तसेच काही कारणांसाठी सूटही होती.

दंडाची ही बाजू गोड नाही. गरीब कुळाच्या दृष्टीने शाळा फुकट असली तरी फुकट नसते; मूल शाळेत गेले की गुरे वळणारे, लहान भावंड सांभाळणारे, कपाशी वेचणारे दोन हात घरातून कमी होतात. खानदेशात ज्याने वेचणीच्या दिवसांत शाळेचा हजेरीपट पाहिला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. बडोद्यात दंड वसूल झाले आणि ते गरिबांकडूनच झाले. सक्तीचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न तेथेही सुटला नव्हता.

सक्तीची कल्पना काही सयाजीरावांची नव्हे. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने १७६३ मध्ये शाळेचा हुकूम काढला होता. कारखानदारीचे माहेरघर असलेल्या इंग्लंडला मात्र १८७० पर्यंत सार्वत्रिक शाळांचा कायदा सुचला नाही आणि देशभर सक्ती येण्यास १८८० साल उजाडले. जपानने १८७२ मध्येच शिक्षणाचा देशव्यापी आराखडा जाहीर केला. १८८७ पासून सयाजीरावांच्या युरोपच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि पुढे ते अमेरिकेतही गेले. सतत परदेशी राहतात म्हणून त्यांच्यावर टीका होई, ती सर्वस्वी गैरलागू नव्हती. पण या प्रवासांतून त्यांनी काही आणलेही. इंग्लंडने स्वतःच्या मुलांसाठी केलेला कायदा हिंदुस्थानात अशक्य कसा, या प्रश्नाचे उत्तर इंग्रज अधिकाऱ्यांना देता येईना. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. विधेयक अगदी सौम्य होते. नगरपालिकांना व लोकल बोर्डांना इच्छा असेल तरच सक्ती करता यावी एवढेच त्यात होते. तरीही मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळले गेले. त्या वेळी देशात शंभरांतील सुमारे सहाच माणसे साक्षर होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात सक्तीचा कायदा केला, तो याच पार्श्वभूमीवर.

शाळा सोडलेला मुलगा चार वर्षांत अक्षरे विसरतो, ही गोष्टही सयाजीरावांच्या ध्यानी आली होती. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. मध्यवर्ती ग्रंथालय निघाले आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. गावाने वाचनालयासाठी जेवढी रक्कम जमवावी तेवढीच प्रांतपंचायतीने आणि तेवढीच दरबाराने घालावी, असा तिहाई वाट्याचा नियम होता. अनुदानाची इतकी साधी आणि गावाला कामास लावणारी रीत अलीकडच्या कित्येक योजनांतही आढळत नाही. सोनगडला, म्हणजे आपल्या नवापूरच्या शेजारी, आदिवासी मुलांसाठी वसतिगृहासह शाळा चालविली गेली, ती तर त्याच्याही कितीतरी आधीची.

कायद्याने काय होते आणि काय होत नाही, हे अस्पृश्यांच्या शिक्षणात दिसून आले. अधिकार हाती येताच सयाजीरावांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या. पण तेथे शिकवावयास सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. अटीप्रमाणे संस्थानची नोकरी करण्यासाठी १९१७ मध्ये ते बडोद्यास आले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. एका पारशी विश्रामगृहात नाव लपवून राहावे लागले आणि तेथूनही जमावाने त्यांना बाहेर काढले. महाराजांचा हुकूम शाळेच्या दारापर्यंत पोहोचत होता, घराच्या उंबऱ्यापर्यंत नाही. राजाच्या शब्दावर उभ्या असलेल्या सुधारणेची ही मर्यादा नाकारण्यात अर्थ नाही. असे असूनही ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा आपला ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध करताना आंबेडकरांनी तो सयाजीरावांना कृतज्ञतापूर्वक अर्पण केला. त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबई कायदेमंडळात त्यांनी हिशेब मांडला की, सरकार अबकारीतून लोकांकडून जेवढे घेते, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च व्हावे. फुल्यांचा प्रश्न पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा विचारला गेला होता, या खेपेस शिष्यवृत्तीवर शिकलेल्या अर्थशास्त्रज्ञाकडून.

सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत वारले. दहा वर्षांनी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५० च्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली. ती १९६० मध्ये संपली. ज्याला हक्क म्हणता येईल असा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. बडोद्याच्या कायद्याला तेव्हा एकशेचार वर्षे होत होती. नव्या कायद्यात पालकाला दंड नाही. कर्तव्य सरकारचे मानले आहे. तत्त्व म्हणून हे निश्चितच पुढचे पाऊल आहे.

दिवाळीनंतर धुळे-नंदुरबारकडची ऊसतोड कुटुंबे नवापूरवरून गुजरातेत उतरतात. व्यारा, बारडोलीच्या बाजूला उसाच्या फडाशेजारी त्यांच्या झोपड्या पडतात. त्यांतील व्यारा हा जुना गायकवाडी तालुका. मुलाचे नाव अलीकडच्या शाळेच्या पटावर असते आणि मूल पलीकडे मोळ्या बांधत असते. कायदा आता दोन्ही बाजूंना एकच आहे.