गाडीची टकटक बंद करणाऱ्या माणसाने जगाच्या पेट्रोलमध्ये शिसं कसं मिसळलं?

मुरबे गावातून पहाटे मासळी आणि बर्फ भरून छोटा हत्ती बोईसरच्या बाजाराकडे निघतो. गाडी पेट्रोलवाली असेल, माल जरा जास्त झाला असेल आणि ड्रायव्हरने वरच्या गिअरमध्येच रेटून पाय दाबला, तर कधीकधी इंजिनातून टकटक असा आवाज येतो. डब्यात खडे टाकून हलवल्यासारखा. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात.

शंभर वर्षांपूर्वी याच आवाजाने अमेरिकेतल्या कार कंपन्यांची झोप उडवली होती. आणि तो बंद करणारा माणूस होता थॉमस मिजली.

मिजलीचा जन्म १८८९ सालचा, अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया राज्यातल्या बीव्हर फॉल्स गावातला. १९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला. हो, मेकॅनिकल. पुढे जगभर केमिस्ट म्हणून गाजलेल्या या माणसाकडे केमिस्ट्रीची पदवी नव्हती. १९१६ साली तो ओहायोतल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली कामाला लागला. केटरिंग म्हणजे गाडी हँडल न मारता सुरू करणारा सेल्फ स्टार्टर बनवणारा माणूस. तेव्हा लोक नॉकिंगचं खापर त्या स्टार्टरवरच फोडत होते. केटरिंगने मिजलीला खरं कारण शोधायला लावलं.

मिजलीने काय करावं? त्याने इंजिनाला चक्क काचेची खिडकी बसवली आणि आतल्या जाळाचे फोटो काढले. त्यातून कळलं की ठिणगी पडायच्या आधी काही होत नाही, गडबड नंतर होते. स्पार्क प्लगपासून जाळ पसरत जातो, तेव्हा पलीकडच्या कोपऱ्यात राहिलेलं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं आणि जाळ पोहोचायच्या आधी आपणहून भडकतं. तो धक्का म्हणजे टकटक. हे रोजचं झालं तर पिस्टनची वाट लागते. म्हणजे दोष स्टार्टरचा नव्हता, पेट्रोलचा होता.

मग औषध शोधायला सुरुवात झाली, ती एका भन्नाट अंदाजाने. बर्फातही फुलणाऱ्या एका झाडाची पानं मागून लाल असतात, म्हणजे लाल रंग उष्णता शोषत असेल, असं या लोकांना वाटलं. लाल रंग हाताशी नव्हता म्हणून पेट्रोलमध्ये आयोडीन टाकलं. नॉकिंग कमी झालं! नंतर खरोखरचे लाल रंग टाकून पाहिले, तर काहीच फरक नाही. अंदाज साफ चुकीचा होता, पण पेट्रोलमध्ये काहीतरी मिसळून आवाज थांबवता येतो हे सिद्ध झालं होतं.

पुढची काही वर्षं एकामागून एक रसायनं. टेल्युरियम चाललं, पण त्याचा लसणासारखा दर्प अंगाला असा चिकटायचा की साबणाने जाईना. शेवटी ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड इंजिनात टाकलं आणि टकटक गायब झाली. गॅलनभर पेट्रोलला चमचाभरसुद्धा लागत नव्हतं.

लेड म्हणजे शिसं. ते विषारी आहे हे तेव्हाही जगाला माहीत होतं.

खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिजलीने ३० टक्के अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलवर डेटनहून इंडियानापोलिसपर्यंत गाडी चालवून दाखवली होती. तीही नॉकिंग न करता. पण अल्कोहोल कोणालाही बनवता येतं, त्यावर मक्तेदारी मिळत नाही. शिशाच्या मिश्रणावर मिळत होती. १९२३ च्या फेब्रुवारीत डेटनमध्ये विक्री सुरू झाली, नाव ठेवलं एथिल. नावात लेड कुठेच नाही.

मिजली स्वतः तोपर्यंत शिशाने आजारी पडला होता आणि हवापालटासाठी फ्लोरिडाला गेला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, डझनावारी इस्पितळात गेले. तारापूर एमआयडीसीत शिफ्ट केलेल्या माणसाला यातली भीती समजावून सांगायची गरज नाही. मिजलीने काय केलं? पत्रकारांसमोर ते रसायन हातांवर ओतलं आणि मिनिटभर हुंगून दाखवलं. १९२५ मध्ये विक्री थांबली, १९२६ मध्ये सरकारी समितीने बंदीचं कारण नाही असं सांगितलं आणि शिसं जगभर गेलं.

याच एथिल कंपनीतल्या ग्रॅहम एडगर यांनी तेव्हा पेट्रोल मोजायची पट्टी सुचवली. आयसोऑक्टेन नॉकिंगला दाद देत नाही, त्याला १०० गुण. हेप्टेन लगेच भडकतं, त्याला ०. एखादं पेट्रोल ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागलं, तर त्याचा ऑक्टेन आकडा ९१.

म्हणजे ऑक्टेन ही ताकद नाही, दाब सहन करायची क्षमता आहे. पंपावर महागडं प्रीमियम टाकलं की पिकअप जास्त ओढेल हा समज त्यामुळे फोल ठरतो. इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त असेल आणि कंपनीच्या पुस्तिकेत ९५ लिहिलं असेल, तर ९५ हवंच. ९१ लिहिलं असेल, तर वरचे पैसे वाया. शिवाय २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलच्या भारतीय मानकातच आता किमान ९५ ऑक्टेन आहे. मायलेज त्याने थोडं घटतं आणि गाडी २०२३ च्या आधीची असेल, तर रबरी पाइप आणि सील तपासून घ्यावेत. एरवी चांगलं पेट्रोल टाकूनही टकटक होत असेल, तर आधी वजन आणि गिअर बघा, मग स्पार्क प्लग आणि आत जमलेला कार्बन. आणि पिकअप डिझेलची असेल तर ऑक्टेन विसरा, तिथे सीटेन आकडा चालतो.

मिजली इथे थांबला नाही. फ्रिजमधले विषारी वायू बदलायला त्याने सहकाऱ्यांसोबत फ्रिऑन बनवला आणि १९३० मध्ये तो छातीत भरून घेऊन त्याने मेणबत्ती विझवून दाखवली. तोच पुढे ओझोनचा थर खाणारा वायू निघाला. मिजलीला ते कधीच कळलं नाही. १९४० मध्ये त्याला पोलिओ झाला. बिछान्यातून उठता यावं म्हणून त्याने दोऱ्या आणि कप्प्यांची यंत्रणा बनवली, आणि २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोऱ्यांत गळा आवळून तो गेला. वय ५५. त्याच वर्षी तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता.

धुरातून हवेत गेलेलं शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, हे जगाने मान्य करायला आणखी काही दशकं गेली. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं. पालघर, बोईसरसारख्या ठिकाणी ते सक्तीचं झालं १ फेब्रुवारी २००० पासून, देशभरासोबत. जगातला शेवटचा देश अल्जेरिया, तिथे ते २०२१ मध्ये थांबलं. आणि शिशाच्या जागी आपल्या पेट्रोलमध्ये आज इतर गोष्टींसोबत जे मिसळलं जातं ते इथेनॉल, म्हणजे मिजलीने १९२१ मध्ये गाडीत भरून बाजूला ठेवलेलं तेच अल्कोहोल. त्यातलं काही आपल्याच साखर कारखान्यांतून येतं.