जाळीआडून किरण देणारे डॉ. कोहलर

लहान मूल लंगडत येते, पायाच्या कमानीपाशी दुखते म्हणते. एक्स-रेमध्ये तिथले नॅव्हिक्युलर हाड चपटे दिसते. हा कोहलरचा आजार. तो बहुधा आपोआप बरा होतो. 1908 मध्ये त्याचे वर्णन करणारे डॉ. अल्बान कोहलर अस्थिरोगतज्ज्ञांना आजही ठाऊक आहेत. कर्करोगाच्या उपचारातले त्यांचे काम मात्र बराच काळ विस्मरणात गेले होते.

कोहलर यांचा जन्म 1874 चा, जर्मनीतला. 1895 मध्ये राँटजेन यांना क्ष-किरण सापडले, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. पुढे वीसबाडेन शहरात त्यांनी या किरणांनाच वाहून घेतले. एक्स-रेमध्ये निरोगी हाड कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो, यावरचा त्यांचा 1910 चा ग्रंथ डॉक्टरांनी कित्येक दशके वापरला.

त्या काळचे किरण कमी शक्तीचे. त्यांचा सर्वाधिक मारा कातडीवरच होई. खोलवरच्या गाठीला पुरेसा डोस द्यावा तर कातडी भाजून जखमा चिघळत. न द्यावा तर गाठ तशीच. 1909 मध्ये कोहलर यांनी तोडगा सुचवला. कातडीवर लोखंडी तारांची जाळी घट्ट बसवायची आणि वरून मोठा डोस द्यायचा. छिद्रांखालची कातडी कवडसे पडावेत तशी ठिपक्याठिपक्यांनी भाजे, तारांखालची बचावे. या बचावलेल्या कातडीतून नव्या पेशी सरकत आणि जखमा भरून येत.

कोहलर 1947 मध्ये वारले. त्यानंतर कोबाल्ट आणि लिनॅक यंत्रे आली. त्यांचे किरण कातडीला फारसे न भाजता खोल पोहोचतात, म्हणून जाळी अडगळीत पडली. 1990 च्या सुमारास अमेरिकेत तीच कल्पना लिनॅकवर पुन्हा वापरली गेली, या वेळी फार मोठ्या गाठींसाठी. आता लॅटिस तंत्रात जाळीशिवायच, गाठीच्या आतल्या छोट्या छोट्या गोलांपुरता मोठा डोस देतात. सगळ्या गाठीला तो डोस न मिळताही ती का आक्रसते? पेशींमधले रासायनिक संदेश, रक्तवाहिन्या आणि प्रतिकारशक्ती यांचा त्यातला वाटा संशोधक तपासत आहेत.

आपल्या मराठवाड्यात तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण अनेकदा गाठ फार वाढल्यावरच येतात. अशांसाठी हे तंत्र आशादायक आहे. पण ते निवडक रुग्णांनाच, बहुधा नेहमीच्या रेडिएशनच्या जोडीने देतात. त्यावर विसंबून थांबू नका. तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर लगेच दाखवा. लहान गाठीला साधे उपचारही पुरतात.