यंत्राआधी आज्ञावली मांडणारी एडा

वेब पान घडविण्याचे धडे गिरवणाऱ्या नवशिक्या विद्यार्थ्याचा कस लागतो तो दोन ठिकाणी. एक, तीच कृती पुनःपुन्हा करवून घेणारे ‘लूप’ आणि दुसरे, अट पाहून वाट बदलणारे ‘इफ’. साधा पाढा पडद्यावर उमटवताना थांबण्याची अट चुकली, तर संगणक अखंड फिरतच राहतो. पुनरावृत्ती कोठे सुरू करावी आणि कोठे थांबवावी, या प्रश्नाचा विचार आधुनिक संगणकाच्या शंभर वर्षे आधी एका इंग्रज स्त्रीने केला होता. तिचे नाव एडा लव्हलेस.

एडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजी लंडन येथे झाला. प्रख्यात कवी लॉर्ड बायरन हे तिचे वडील. ती जेमतेम महिन्याची असताना आई-वडील विभक्त झाले. बायरन यांनी १८१६ मध्ये इंग्लंड सोडले ते कायमचे आणि १८२४ मध्ये ग्रीसमध्ये त्यांचे निधन झाले. पित्याच्या बेबंद स्वभावाचा वारसा मुलीत उतरू नये, या धास्तीने आईने तिला लहानपणापासूनच गणिताच्या शिस्तीत वाढविले. किशोरवयात गोवराने ती अंथरुणाला खिळली. पुढे कुबड्या घेऊन चालू लागली. परंतु अभ्यास सुटला नाही.

१८३३ मध्ये सतरा वर्षांच्या एडाची गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांच्याशी भेट झाली. त्यांच्या गणनयंत्राचा छोटासा भाग पाहून ती भारावून गेली. १८३५ मध्ये तिचा विवाह झाला आणि पतीला उमराव पद मिळाल्यावर ती लव्हलेसची काउंटेस झाली. तीन मुलांचा संसार सांभाळून तिने मदुराईत जन्मलेले गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडे उच्च गणिताचे धडे घेतले.

बॅबेज यांच्या मनात तोवर अधिक महत्त्वाकांक्षी ‘विश्लेषक यंत्र’ आकार घेऊ लागले होते. जेकार्ड मागावर छिद्रे पाडलेल्या पत्त्यांनी नक्षी विणली जाते, त्याच धर्तीवर पत्त्यांवरील आज्ञांनुसार हे यंत्र गणित करणार होते. इटलीचे लुइजी मेनाब्रेआ यांनी १८४२ मध्ये फ्रेंच भाषेत त्यावर लेख लिहिला. एडाने त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि त्याला सात टिपा जोडल्या. मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट भरलेल्या या टिपा १८४३ मध्ये केवळ तिच्या आद्याक्षरांनिशी प्रसिद्ध झाल्या.

शेवटच्या टिपेत बर्नोली संख्या काढण्याची पद्धत पंचवीस पायऱ्यांच्या तक्त्यात मांडली आहे. त्यातील तेरा ते तेवीस या पायऱ्या पुन्हा पुन्हा करावयाच्या होत्या. प्रत्येक पायरी नव्याने लिहिण्याऐवजी त्याच आज्ञांचे आवर्तन करावे आणि किती फेऱ्या उरल्या, याची संख्या एका स्तंभात दर वेळी एकाने घटवावी, अशी ही योजना. आजच्या ‘लूप’मधील गणक तो हाच. हाती आलेल्या फलानुसार पुढील मार्ग बदलण्याची सोयही या यंत्राच्या आराखड्यात होती. छापलेल्या तक्त्यात एका भागाकारात भाज्य आणि भाजक यांची अदलाबदल झाली आहे. आज्ञावली आणि तिच्यातील चूक यांची सोबत इतकी जुनी आहे!

या टिपांचे श्रेय किती एडाचे आणि किती बॅबेज यांचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. बॅबेज यांनी काही आज्ञावल्या तिच्याआधीच लिहून ठेवल्या होत्या; मात्र त्या अप्रकाशित राहिल्या. संख्येपलीकडे सूर किंवा चिन्हे यांवरही असे यंत्र काम करू शकेल, ही दृष्टी मात्र एडाने त्या टिपांत स्पष्टपणे मांडली.

दोघांची मैत्री त्याच वर्षी पणाला लागली. सरकारने मदत थांबविल्याने संतापलेल्या बॅबेज यांना आपली तक्रार निनावी प्रस्तावना म्हणून त्या लेखाला जोडायची होती. एडाने ठाम नकार दिला. पुढे यंत्राच्या उभारणीची व्यवस्था स्वतःकडे घेण्याची तयारी तिने दाखविली, ती बॅबेज यांनी नाकारली. स्नेह टिकला, पण यंत्र कधीच उभे राहिले नाही. आपली आज्ञावली चालताना पाहणे एडाच्या नशिबी नव्हते.

अखेरची वर्षे घोड्यांच्या शर्यतींवरील जुगार, कर्ज आणि कर्करोगाच्या वेदना यांत गेली. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी ती निवर्तली. ज्या पित्याचा सहवास तिला लाभला नाही, त्याच्याच शेजारी, हकनॉलच्या चर्चमध्ये, तिच्या इच्छेनुसार तिचे दफन झाले.

टिपांचे पुनर्मुद्रण १९५३ मध्ये झाले, तेव्हा खरे संगणक अवतरले होते. १९७९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने आपल्या संगणकीय भाषेला ‘एडा’ हे नाव दिले. त्या भाषेच्या मानकाचा क्रमांक होता १८१५, तिचे जन्मवर्ष.