सेल्टिकचा गोलरक्षक जॉन टॉमसन

शाळेच्या मैदानावर ज्या मुलास धड धांवतां येत नाहीं त्याला गोलांत उभें करण्याची चाल आहे. ही चाल पाडणाऱ्यांनीं जॉन टॉमसन याचें चरित्र वाचलें नसावें.

जॉनचा जन्म स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यांत कर्कॉल्डी येथें २८ जानेवारी १९०९ रोजीं झाला. तो लहानाचा मोठा झाला तो मात्र जवळच्याच कार्डेंडन या कोळशाच्या खाणींच्या गांवीं. बाप खाणींत मजूर. चौदाव्या वर्षीं मुलगाही त्याच्याबरोबर जमिनीच्या पोटांत उतरला. दिवसभर कोळशाच्या गाड्यांच्या सांखळ्या सोडाव्या आणि सुटीच्या वेळीं आसपासच्या संघांतून फुटबॉल खेळावा, असा त्याचा क्रम होता. सन १९२६ मध्यें ग्लासगोच्या सेल्टिक संघाचा एक माणूस दुसऱ्याच एका गोलरक्षकास पाहण्यासाठीं तिकडे आला. परंतु त्याची नजर खिळली ती समोरच्या बाजूच्या टॉमसनवर. अवघ्या १० पौंडांत करार होऊन हा पोरसवदा खाणकामगार धंदेवाईक खेळाडू झाला. गोलांत उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलास मोठी इजा होईल या भीतीनें आई मात्र राजी नव्हती.

फेब्रुवारी १९२७ मध्यें तो सेल्टिकतर्फे पहिला सामना खेळला, तेव्हां त्यास अठरावें वर्ष नुकतेंच पुरें झालें होतें. दोनच महिन्यांनीं सेल्टिकनें स्कॉटिश चषक जिंकला, त्या अंतिम सामन्यांतही गोलरक्षक तोच होता.

टॉमसन धिप्पाड नव्हता. उंच उडी व चपळ हात हीं त्याचीं साधनें; पण त्याची खरी ख्याति झाली ती निराळ्याच गोष्टीमुळें. प्रतिपक्षाचा गडी एकटाच चेंडू घेऊन चालून आला असतां जो रक्षक रेषेवर वाट पाहत राहतो, त्याच्या दोन्ही अंगांस जागा मोकळी पडते. टॉमसन वाट पाहत नसे. चेंडूवरची नजर न हलवितां तो पुढें धांवून त्या गड्याच्या पायांशींच झेप टाकी. गोल वांचे, पण ज्या उंचीवर बूट चालतात त्याच उंचीवर डोकें येई. फेब्रुवारी १९३० मध्यें एअरड्रीच्या संघाशीं खेळतांना त्याचा जबडा मोडला, बरगड्यांस इजा झाली, दोन दांत गेले. खेळ सोड म्हणून आईनें पुन्हां विनविलें. बरा होतांच तो पुन्हां गोलांत उभा राहिला, आणि मे महिन्यांत पॅरिस येथें फ्रान्सविरुद्ध स्कॉटलंडतर्फे खेळला. स्वदेशासाठीं तो चार सामने खेळला. त्या चारांत मिळून त्याच्यावर एकच गोल झाला.

५ सप्टेंबर १९३१ रोजीं ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्स व सेल्टिक हे हाडवैरी संघ समोरासमोर आले. रेंजर्सचे चाहते प्रॉटेस्टंट, सेल्टिकचे बहुधा रोमन कॅथलिक; टॉमसन मात्र प्रॉटेस्टंट असूनही सेल्टिकच्या लोकांचा लाडका होता. सुमारें ८०,००० प्रेक्षक होते. मध्यंतरानंतर थोड्याच वेळांत रेंजर्सचा सॅम इंग्लिश हा तरुण खेळाडू गोलावर चालून आला, आणि टॉमसननें नेहमींप्रमाणें त्याच्या पायांशीं झेप टाकली. गोल झाला नाहीं. पण टॉमसनचें डोकें इंग्लिशच्या गुडघ्यावर आदळलें होतें. इंग्लिश लंगडत उठला आणि हात हालवून मदत मागूं लागला. रेंजर्सच्या बाजूच्या कांहीं प्रेक्षकांनीं ओरडा चालविला होता. रेंजर्सचा कप्तान मीकलजॉन यानें त्यांच्याकडे जाऊन हात वर केला, तेव्हां ते गप्प झाले. टॉमसनची कवटी फुटली होती. त्याच रात्रीं रुग्णालयांत त्याचा अंत झाला. वय २२ वर्षांचें.

कार्डेंडन येथें त्याच्या अंत्ययात्रेस सुमारें ३०,००० लोक जमले. ग्लासगोहून ५५ मैल पायीं आलेलेही त्यांत कित्येक होते.

रीतसर चौकशी होऊन हा केवळ अपघात असल्याचा निर्णय झाला. इंग्लिशकडे यत्किंचितही दोष नव्हता. त्या हंगामांत साखळी सामन्यांत त्यानें ४४ गोल केले, तरी प्रेक्षक त्या अपघातावरून त्यास टोमणे मारीत. मृतासाठीं शोक करणारे हजारों निघाले. या जिवंत तरुणाच्या मनाचा विचार फार थोड्यांनीं केला असें आम्हांस वाटतें. १९३२ सालीं तो लिव्हरपूलच्या संघांत गेला. टोमणे तेथेंही चुकले नाहींत. १९३८ सालीं, वयाचीं तीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्यानें खेळ सोडला. १९६७ मध्यें तो वारला.