रिचर्ड राइट

मिसिसिपी राज्यांतील एका दरिद्री कृष्णवर्णीय घरांत १९०८ सालीं रिचर्ड राइट यांचा जन्म झाला. पुढें मेम्फिस शहरांत नोकरी करीत असतां त्यांस वाचनाचें वेड लागलें; परंतु तेथील ग्रंथालय काळ्या वाचकांस बंद! तेव्हां एका गोऱ्या सहकाऱ्याचें कार्ड मागून, त्याच्या नांवें खोटी चिठ्ठी लिहून, निरोप्याच्या मिषानें ते पुस्तकें आणीत. लबाडीच ती, पण दोष कोणाचा?

१९४५ सालीं त्यांचें ‘ब्लॅक बॉय’ हें आत्मचरित्र निघालें. प्रती लाखांनीं खपल्या. मात्र एका पुस्तक-मंडळाच्या इच्छेवरून शिकागोचा उत्तरार्ध गाळावा लागला. तो १९७७ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर १७ वर्षांनीं, प्रसिद्ध झाला. मिसिसिपीचे सेनेटर बिल्बो यांनीं सेनेटांत पुस्तकाचा धिक्कार केला. १९७६ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील एका शाळामंडळानें तर, पालकांच्या परवानगीवांचून तें मुलांस देऊं नये, असें ठरविलें.